दूरदर्शनचा प्रेक्षक कुठे गेला?

मागच्या महिन्यात सातवीच्या वर्गात बातम्यांच्या साधनांविषयी शिकवत होते. वर्तमानपत्र झाले, रेडिओ झाला, मग टीव्हीवर आले. सहज विचारले, “तुमच्यापैकी घरी दूरदर्शन कोण कोण पाहते?” वर्ग गप्प. थोड्या वेळाने मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “मॅडम, वो कौनसे नंबर पे आता?” सगळा वर्ग हसला, मीही हसले. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना. याच उमरी गावात माझे बालपण गेले. पस्तीस वर्षांपूर्वी इथल्या कोणत्याही मुलाने असा प्रश्न विचारला नसता, कारण तेव्हा नंबर नव्हताच. टीव्ही म्हणजेच दूरदर्शन.

घरी सासूबाईंना ही गंमत सांगितली. त्या तांदूळ निवडत होत्या. समोर टीव्ही चालू होता आणि तो कोणीच पाहत नव्हते. त्या म्हणाल्या, “इत्ते चैनलां हैं, पन देखने कू कुछ नई.” हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात ऐकू येत असेल. शेकडो वाहिन्या आल्या आणि जुनी वाहिनी मागे पडली, हे सगळ्यांनाच दिसते. पण त्या वाहिनीसोबत आपल्या घरातून, मोहल्ल्यातून काय काय गेले, याचा हिशेब आपण मांडलेला नाही. तो मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पाइपावरचा अँटेना

आमच्या मोहल्ल्यात पहिला टीव्ही आला तो रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका चाचांच्या घरी. लाकडी पेटीचा, शटर ओढून बंद करायचा, ब्लॅक अँड व्हाइट. तेव्हाच्या छोट्या प्रक्षेपकाचा आवाका वीस-पंचवीस किलोमीटरचा असायचा आणि उमरी नांदेडपासून त्याहून दूर. त्यामुळे लोखंडी पाइपाला पाइप जोडून अँटेना उंच चढवावा लागे. वारा सुटला की तो फिरे आणि पडद्यावर मुंग्या येत. मग एक पोरगा माळवदावर, एक अंगणात, एक टीव्हीसमोर. “आया क्या?” “नई, और थोडा घुमा!” हा सवाल-जवाब चित्र स्थिर होईपर्यंत चाले.

रविवारी सकाळी चाचांच्या दालानात पाय ठेवायला जागा नसे. बायका एका बाजूला, मुले अगदी पडद्यासमोर, पुरुष उंबऱ्याजवळ उभे. शेजारच्या गल्लीतल्या काकू आणि त्यांच्या सुनाही येत. २ ऑक्टोबर १९८८ पासून ‘महाभारत’ सुरू झाले. काकूंना कथा ठाऊक होती, त्या आमच्या दादीला समजावून सांगत. अब्बा मात्र सुरुवातीच्या नावांच्या पाटीकडे लक्ष देत. संवादलेखक म्हणून राही मासूम रझा हे नाव आले की ते मान हलवत. गाझीपूरकडच्या गंगौली गावचा, ‘आधा गाँव’ ही कादंबरी लिहिणारा हा माणूस. त्याने लिहिलेले बोल काकूंच्या आणि दादीच्या कानावर एकाच वेळी पडत होते. आज हे वेगळे वाटते. तेव्हा त्यात कोणाला काही विशेष वाटले नाही आणि खरी गोष्ट तीच होती.

त्या काळातल्या मालिका आठवून पाहा. १९८६ च्या ‘नुक्कड’मध्ये कोपऱ्यावर हॉटेल चालवणारा कादरभाई होता. तो गल्लीतल्या इतरांसारखाच एक माणूस. कधी उधारी मागणारा, कधी माफ करणारा. ‘गुल गुलशन गुलफाम’मध्ये दल सरोवरातल्या हाउसबोटीवर राहणारे एक काश्मिरी कुटुंब होते. त्यांची भांडणे, लग्ने, धंद्याच्या चिंता आमच्याच घरातल्या वाटत. १९८८ मध्ये गुलजार यांनी ‘मिर्झा गालिब’ केली, तीत नसीरुद्दीन शाह होते आणि संगीत जगजीतसिंह यांचे. अली सरदार जाफरी यांच्या ‘कहकशाँ’मध्ये हसरत मोहानी, जिगर, जोश, मजाज, फिराक यांच्या बरोबरीने मख्दूम मोहिउद्दीन होते. मख्दूम म्हणजे आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातले. ज्या मराठी घरांत उर्दू वाचता येत नव्हती, तिथेही हे शायर पोहोचले, कारण त्या वेळी दुसरे काही लावायला नव्हतेच.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. एकच वाहिनी होती म्हणून तिला सगळ्यांचे थोडे थोडे दाखवावे लागे. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’, मुलांसाठी ‘किलबिल’, गमतीसाठी ‘गजरा’, गुजराती भाषकांसाठी ‘आवो मारी साथे’. आणि तेच एक चालू असल्यामुळे दुसऱ्याचेही पाहावे लागे. आम्हाला शेती नव्हती, तरी सोयाबीनवरच्या किडीची माहिती होती.

दिल्लीची पेटी गावात कशी आली

दूरदर्शनची सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रयोग म्हणून झाली. २६ जानेवारी १९६७ ला शेतकऱ्यांसाठी ‘कृषिदर्शन’ सुरू झाले, तेही दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांपुरते. महाराष्ट्रात मुंबई केंद्र उघडले ते २ ऑक्टोबर १९७२ ला. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत शिक्षण आणि शेतीचे कार्यक्रम दाखवण्याचा ‘साइट’ नावाचा मोठा प्रयोग झाला. आपल्या शेजारचे कर्नाटक आणि आंध्र त्यात होते, महाराष्ट्र नव्हता.

१ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. सुरुवातीला वाजणारी ती धून आपल्या पिढीच्या कानात अजून आहे. ती पंडित रविशंकर आणि शहनाईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची. १९८२ मध्ये रंग आले, राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, दिल्लीत आशियाई खेळ झाले. १९८४ मध्ये तर देशभर प्रक्षेपक उभारण्याची घाईच चालली होती. त्याच वर्षी जुलैत ‘हम लोग’ सुरू झाली आणि मध्यमवर्गीय घराची रोजची रडगाणी पहिल्यांदा पडद्यावर आली. मराठवाड्यात म्हैसमाळ आणि अंबाजोगाई इथे उंच मनोरे उभे राहिले. उमरीसारख्या गावात टीव्ही आला तो या लाटेत.

लोक सोडून का गेले?

जुन्या आठवणी गोड असतात, म्हणून दूरदर्शनचे सगळेच चांगले होते असे म्हणणे खरे नाही. लोक उगाच सोडून गेले नाहीत.

पहिले कारण सरकार. दूरदर्शन सरकारी खाते होते आणि बातम्यांत ते कळायचे. आणीबाणी उठण्याच्या काळातली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. ६ फेब्रुवारी १९७७ ला दिल्लीत रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि जगजीवनराम यांची सभा होती. लोकांनी घरी बसावे म्हणून त्या संध्याकाळी दूरदर्शनवर ‘बॉबी’ हा गाजलेला चित्रपट लावला गेला. लोक तरीही सभेला गेले. ज्या बातमीवर भरवसा नाही, ती बातमी माणूस पर्याय मिळेपर्यंतच ऐकतो.

पर्याय आला तो १९९१ मध्ये. आखाती युद्धाची चित्रे परदेशी वाहिनीवरून मोठ्या हॉटेलांत दिसू लागली आणि मग छतावर मोठ्या तबकड्या बसवून गल्लीत वायरी टाकणारे केबलवाले तयार झाले. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला. हवेतून येणाऱ्या लहरींवर हक्क कोणाचा, हा वाद क्रिकेट सामन्यांच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ ला न्यायालयाने सांगितले की लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर ना सरकारची मक्तेदारी असावी ना कोणा व्यापाऱ्याची. त्या खंडपीठात आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. या निकालाचे दुसरे अर्धे वाक्य आपण विसरलो. सरकारची मक्तेदारी गेली याचा आनंद झाला, पण ‘जनतेची मालमत्ता’ या शब्दांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारले नाही.

दूरदर्शनला सरकारपासून थोडे मोकळे करण्यासाठी प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्येच झाला होता, तो अमलात यायला १९९७ उजाडले. तरीही पैसा आणि माणसे यांसाठी सरकारकडेच पाहावे लागले. खासगी वाहिन्या तोपर्यंत धावू लागल्या होत्या.

दुसरे कारण भाषा. आपल्याला याचा अनुभव जवळून आहे. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी आली, तीच आजची झी मराठी. पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी आली. १५ ऑगस्ट २००१ ला हैदराबादहून ई टीव्ही उर्दू सुरू झाली, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात खरोखर आनंद झाला. उमरीहून रेल्वेत बसले की निजामाबादमार्गे हैदराबाद. सोयरीक तिकडची, बोली तिकडची. उर्दूत दिवसभर बातम्या, स्वयंपाकाचे कार्यक्रम, रमजानमध्ये सहरी-इफ्तारच्या वेळा, हे सगळे घरबसल्या. दूरदर्शनने आपली उर्दू वाहिनी काढली ती १५ ऑगस्ट २००६ ला, आणि चोवीस तास केली ती पुढच्या वर्षी. पाच वर्षे उशिरा. तोपर्यंत रिमोटवरच्या बोटाला दुसरी सवय लागली होती.

तिसरे कारण सवयच. दूरदर्शनच्या मालिका आठवड्यातून एकदा येत आणि बहुतेक काही भागांत संपत. ३ जुलै २००० या एकाच दिवशी स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाल्या. रोज एक भाग, वर्षानुवर्षे. मराठीत ‘चार दिवस सासूचे’ने तीन हजारांहून अधिक भाग गाठले. चुलीवरचे कालवण आणि मालिका यांची वेळ एकमेकांत अडकली, की मग माणूस वाहिनी बदलत नाही.

चौथे कारण साधे आणि तांत्रिक. जुन्या केबलवर काही पट्ट्यांत चित्र स्वच्छ दिसे, काहींत धुरकट. जिथून जास्त फायदा, ती वाहिनी चांगल्या पट्ट्यात लागे आणि दूरदर्शन मागे ढकलले जाई. म्हणून २००० मध्ये केबलच्या कायद्यात दुरुस्ती करून दूरदर्शनच्या वाहिन्या चांगल्या पट्ट्यात दाखवणे बंधनकारक करावे लागले. जी वाहिनी एकेकाळी एकटीच होती, तिला दिसण्यासाठी कायद्याचा आधार घ्यावा लागला!

मोजणीत आपले घर कुठे?

आता वाहिन्यांची संख्या नऊशेच्या आसपास आहे. एवढ्या वाहिन्यांवर काय दाखवायचे हे कोण ठरवते? जाहिरातदार. आणि जाहिरातदार कशावरून ठरवतो? कोणता कार्यक्रम किती लोक पाहतात, या मोजणीवरून.

ही मोजणी कशी होते, ते बहुतेकांना ठाऊक नसते. काही निवडक घरांतल्या टीव्हीला यंत्र जोडलेले असते. त्या घरात काय पाहिले गेले यावरून साऱ्या देशाचा अंदाज बांधतात. २०१५ पर्यंत या मोजणीत खेड्यापाड्यातली घरे धरलेलीच नव्हती. त्या वर्षी ‘बार्क’ या संस्थेने ग्रामीण घरेही घेतली आणि लगेच आकड्यांचा क्रम बदलला. गावात फुकट दिसणाऱ्या वाहिन्या एकदम वर आल्या. म्हणजे गावातला प्रेक्षक आधीही होता, पण तो हिशेबात नव्हता. २०२० च्या सुमारास देशात साधारण २१ कोटी घरांत टीव्ही होता आणि यंत्रे होती चाळीस-पन्नास हजार घरांत.

या गणितात मराठी बोलणारे, घरात दखनी बोलणारे, उर्दू वाचणारे एखादे मराठवाड्यातले घर कुठे बसते? जाहिरातदाराच्या दृष्टीने आपण ना पुरते मराठी बाजारपेठेत, ना पुरते हिंदी बाजारपेठेत. याचा परिणाम रोजच्या मराठी मालिकांत दिसतो. त्यांत वाडा असतो, देवघर असते, सणवार असतात. त्यात गैर काही नाही, तेही आपलेच शेजारी आहेत. पण त्या गल्लीत एखादा कादरभाई, एखादी शिंपीकाम करणारी खाला, उमरीच्या बाजारात कापूस घेऊन येणारा एखादा शेखभाई शोधूनही सापडत नाही. दोष एखाद्या वाहिनीचा नाही. ज्याची मोजणी होत नाही त्याची कथाही कोणी लिहीत नाही.

सार्वजनिक वाहिनी लागते ती इथेच. बाजार ज्याला मोजत नाही, त्याच्यासाठी काहीतरी दाखवणे हे तिचे काम. शेतकरी, आदिवासी, कानाने ऐकू न येणारे, लहान भाषा बोलणारे. १९८७ पासून दूरदर्शनवर कर्णबधिरांसाठी रविवारच्या बातम्या येत, त्या कोणा जाहिरातदाराच्या मागणीवरून सुरू झाल्या नव्हत्या.

२०२० चा उन्हाळा

टाळेबंदीच्या काळात हा फरक मी स्वतः पाहिला. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली, पाठोपाठ ‘महाभारत’, ‘बुनियाद’ आणि इतर जुन्या मालिका. काही आठवडे दूरदर्शन देशात सर्वांत जास्त पाहिली जाणारी वाहिनी झाली. आमच्या घरीही ‘बुनियाद’ लागली. मुलांना आधी ती संथ वाटली, नंतर वेळ झाली की तीच आठवण करू लागली.

त्याच आठवड्यांत अनेक वृत्तवाहिन्यांवर तबलीगी जमातीच्या नावाने जे चालले, ते वाचकांना सांगायला नको. भाजीवाल्याला गल्लीत येऊ द्यायचे की नाही, इथपर्यंत त्याचे पडसाद गावोगाव उमटले. पुढे २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांच्याविरुद्ध माध्यमांतून मोठा अपप्रचार झाला, असे निकालात नोंदवले. एकाच उन्हाळ्यात, एकाच पडद्यावर या दोन गोष्टी घडल्या. एका क्रमांकावर सगळे मोहल्ले एकत्र बसून जुनी मालिका पाहत होते आणि पुढच्या क्रमांकावर शेजाऱ्याला शेजाऱ्याचे भय घातले जात होते. आरडाओरडा जास्त पाहिला जातो, म्हणून तो जास्त दाखवला जातो. मोजणीचे यंत्र प्रेक्षक संतापाने पाहतो आहे की आवडीने, हे सांगत नाही.

त्या वर्षीची आणखी एक आठवण. शाळा बंद होत्या. जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका सुरू झाली. माझ्या वर्गातल्या कित्येक घरांत मोठ्या स्क्रीनचा फोन नव्हता, होता तो वडिलांसोबत कामावर जायचा. टीव्ही मात्र स्वतःच्या नाही तर शेजारच्या घरी होता. मालिका मराठीत, माझी मुले उर्दू माध्यमाची. मी रोज सकाळी भाग पाहून टिपण काढायचे आणि संध्याकाळी एकेका घरी फोन करून तेच उर्दूत सांगायचे. एका मुलीची आई म्हणाली, “मॅडम, मराठी तो मेरे कू भी समझी, मैंच समझा दी उसकू.” ती बाई चौथीपर्यंत शिकलेली. त्या काही महिन्यांत सह्याद्रीने माझ्या वर्गासाठी जे केले, ते कोणत्याही खासगी वाहिनीने केले नसते, कारण त्यात कोणाला काही मिळणार नव्हते. आणि हेही खरे, की तोच धडा उर्दूत मिळावा अशी मागणी आपल्यापैकी कोणी केल्याचे मला आठवत नाही. मी स्वतःही केली नाही.

आता खासगी वाहिन्यांचीही पाळी

आजचे चित्र आणखी बदलले आहे. २०१९ मध्ये वाहिनीनिहाय पैसे भरण्याचा नियम आला. मूळ आकार १३० रुपये, करासह दीडशेच्या वर, आणि त्यावर आवडीच्या वाहिन्यांचे वेगळे. घरोघरी बायकांनी यादी काढून नको त्या वाहिन्या कमी केल्या. २०१६ मध्ये जिओ आल्यापासून मोबाइलवर इंटरनेट स्वस्त झाले होतेच. पैसे भरून डिश घेणारी घरे २०२१ मध्ये सात कोटींच्या जवळ होती, ती २०२४ अखेर सहा कोटींच्या आत आली. ज्या खासगी वाहिन्यांनी दूरदर्शनचा प्रेक्षक नेला, त्यांचा प्रेक्षक आता हातातला फोन नेतो आहे.

यात एक गंमत आहे. दूरदर्शनची ‘फ्री डिश’ ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. दीड-दोन हजारांत तबकडी आणि डबा एकदा घेतला की महिन्याचे काही नाही. आज ती साडेचार कोटींहून अधिक घरांत असल्याचे सांगतात. शेतमजूर, वीटभट्टीवरचे, ऊसतोडीला जाणारे, अशांच्या घरावर ती दिसते. म्हणजे दूरदर्शनची तबकडी घराघरांवर आहे, पण त्या तबकडीतून लोक पाहतात बहुतेक खासगी वाहिन्याच. घर दूरदर्शनचे आणि पाहुणे दुसऱ्यांचे! आणि जमिनीवरचे जुने प्रक्षेपक २०२१-२२ पर्यंत जवळजवळ सगळे बंद झाले. ज्या लहरींसाठी आम्ही पाइपावर पाइप चढवत होतो, त्या आता येत नाहीत.

दूरदर्शन उर्दू मात्र आजही केबलवर अनिवार्य वाहिन्यांच्या यादीत आहे. ती दाखवणे केबलवाल्याला कायद्याने भाग आहे आणि त्यासाठी आपण वेगळा पैसा भरत नाही. ती फार चांगली आहे असे मी म्हणणार नाही. तेच कार्यक्रम पुन्हा पुन्हा लागतात, मराठवाड्याचे काही नसते, मुलांसाठी तर फारच कमी. पण बातम्यांची भाषा स्वच्छ असते, मुशायरे असतात आणि कोणी कोणावर ओरडत नाही. आमच्या सासूबाईंना ती अशीच चुकून सापडली. “ये कब से था?” त्यांनी विचारले. वाहिनी घरात येत होती, आम्हालाच ठाऊक नव्हते.

आपल्या हातात काय आहे?

एक वाहिनी, एक पडदा हा काळ परत येणार नाही आणि यावा अशी इच्छाही नको. मुलांना इंटरनेटवर गणिताचे धडे मिळतात, मुलींना शिवणकाम शिकता येते, परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा दिसतो. मला काळजी आहे ती दुसऱ्या गोष्टीची. इशाच्या नमाजनंतर घरात पाच माणसे असतात, पाच फोन असतात आणि प्रत्येकाच्या कानात वायर असते. चाचांच्या दालानात मुलगा विचारायचा, “अब्बा, ‘तसव्वुर’ म्हणजे काय?” आणि शेजारून तीन जण तीन अर्थ सांगायचे. आजच्या मुलाच्या कानात तो शब्द पडला, तरी तो विचारणार कोणाला? आमच्या घरांत भाषा शिकायची ती बरीचशी अशीच, सोबत बसून, विचारून. उर्दूही आणि मराठीही. माझ्या वर्गात दोन्ही भाषांत अडखळणारी मुले दरवर्षी वाढताना मी पाहते, आणि त्याचे एक कारण हे असावे असे मला वाटते.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवते.

आपल्या केबलवर, डिशवर किंवा फ्री डिशवर सह्याद्री आणि दूरदर्शन उर्दू कोणत्या क्रमांकावर आहेत ते शोधा आणि कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवा. नसतील तर केबलवाल्याला विचारा. तो हक्क आहे, मेहेरबानी नाही.

आठवड्यातून एक तास तरी सगळ्यांनी मिळून काहीतरी पाहावे. दूरदर्शनच पाहावे असे नाही. जुनी मालिका असो, मुशायरा असो, क्रिकेट असो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावेत आणि मुलांना मधेच प्रश्न विचारू द्यावेत. “चुप बैठो” म्हणू नये, कारण त्या तासाचा उपयोग प्रश्नांसाठीच आहे.

आणि तिसरे, लिहा. ‘सुरभी’ या कार्यक्रमाला एकेकाळी पोस्टकार्डांची इतकी पोती यायची, की टपाल खात्याने स्पर्धेसाठी वेगळे, महाग पोस्टकार्ड काढले. तो प्रेक्षक लिहिणारा होता, म्हणून त्याला किंमत होती. खासगी वाहिनीवर आपला हक्क नसतो. आवडले नाही तर बदलायचे, एवढेच. पण दूरदर्शन आपल्या पैशातून चालते. मुंबईला वरळीच्या केंद्राला, दिल्लीला प्रसार भारतीला पत्र लिहून विचारता येते, की मराठवाड्यातल्या उर्दू शाळांसाठी काय आहे? मराठी बोलणाऱ्या मुस्लिम घरांची गोष्ट सह्याद्रीवर कधी येणार? एका पत्राने काही होत नाही. पण एकही पत्र गेले नाही, तर प्रेक्षकच नाही असा हिशेब लागतो आणि मग आपण तक्रार तरी कोणाकडे करणार? मी या महिन्यात माझे पत्र टाकले आहे. सहा वर्षे उशिरा, पण टाकले.

वर्गात तो क्रमांक मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहून दिला होता. सोमवारी त्या मुलाला विचारले, “मिला क्या?” तो म्हणाला, “हाँ मॅडम. दादी ने देखा. मैंने भी थोडा देखा, फिर मोबाइल लिया.” पुन्हा सगळा वर्ग हसला. मी मात्र त्याला पुढे विचारले, “थोडा क्या देखा?” त्याला चार वाक्ये सांगता आली, त्यातला एक शब्द त्याला कळला नव्हता आणि तो त्याने दादीला विचारला होता.